तिरकी लाट बदनाम, चूक सरळ लाटेची

लाटांचं गणित कॉम्प्युटरवर मांडणाऱ्यांत एक समज वर्षानुवर्षं फिरतोय: पाण्याचे सारखे चौकोनी तुकडे पाडणारी जाळी रत्नागिरीच्या मिऱ्याच्या किनाऱ्याला समांतर बसवा, लाट जाळीच्या रेघेवरून सरळ येईल आणि अचूक येईल, चुकते ती तिरकी. आहे नेमकं उलटं.

चिऱ्याच्या विहिरीत सुपारी पडली की वलय गोल उठतं. नेहमीच्या साध्या द्विमितीय पद्धतीत, जिथे जाळीतलं प्रत्येक घर फक्त बाजूच्या चार शेजाऱ्यांकडे बघतं, तेच वलय कोपऱ्यांकडे किंचित पुढे सरकतं, कारण रेघेवरची लाट जास्त रेंगाळते. एका तरंगलांबीत 10 घरं आणि कूरांट अंक (वेळेच्या एका पावलात लाट घराचा किती भाग ओलांडते तो) 0.5 धरला, तर रेघेवर वेग सुमारे सव्वा टक्का कमी पडतो, 45 अंशांत जेमतेम 0.4 टक्के. तिरक्या लाटेचा चढउतार दोन्ही अक्षांत वाटला जातो. प्रत्येक अक्षाला ती लांब दिसते, म्हणून तिला घरंही जास्त मिळतात. सरळ लाटेचा सगळा भार एकाच अक्षावर.

‘मग घरं बारीक करा की!’ करा. कूरांट अंक तोच ठेवून निम्मी केली की चूक पाव होते, पण दोन्ही दिशांची. तिपटीचा फरक तसाच राहतो. तो मोडायचा तर कोपऱ्यातले शेजारीही हिशेबात घ्यावे लागतात.