अपूर्णांकवाचक व क्रमवाचक शब्द (मराठी)

पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे मराठीतील रोजच्या वापरातले अपूर्णांकवाचक शब्द. मोठ्या संख्यांसाठी ‘सव्वा’ म्हणजे पाव जास्त, ‘पावणे’ म्हणजे पाव कमी आणि ‘साडे’ म्हणजे अर्धा जास्त. ‘साडे’ मात्र तीनपासूनच लागते. साडेएक, साडेदोन कोणी म्हणत नाही. अनेकवचनही दीडपर्यंत येत नाही: दीड महिना झाला, पण पावणेदोन महिने झाले.

शे, हजार, लाख यांच्यापुढे पाव हा त्या शेकड्याचा किंवा हजाराचा असतो. म्हणून सव्वाशे म्हणजे १२५ आणि पावणेदोनशे म्हणजे १७५. इंग्रजी माध्यमातली मुले नेमकी इथे अडतात. पूर्वी पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, औटकी असे पाढे पाठ करून घेत, त्यामुळे हा प्रश्न उद्भवत नसे. औट म्हणजे साडेतीन. आता तो ‘औटघटकेचे राज्य’ यातच उरला आहे.

मुंबईच्या भाजीबाजारात शेर जाऊन किलो आला, तरी २५० ग्रॅम कोणी मागत नाही, पाव किलोच मागतात. (वडापावातला पाव वेगळा, तो पोर्तुगीजांकडून आलेला.) १९५७ साली दशमान नाणी आली, २०११ मध्ये २५ पैशांचे नाणेही चलनातून गेले, जुन्या माणसांच्या बोलण्यातले चार आणे, बारा आणे मात्र टिकून आहेत. गणपती दीड दिवसाचा, दक्षिणा सव्वा रुपया, शनी एका राशीत अडीच वर्षे म्हणून तीन राशींची साडेसाती. लोकलपुढे मात्र हे सगळे शब्द हरतात. घरातल्या घड्याळात सव्वानऊ वाजतात, गाडी ‘नऊ अठराची’च असते.

क्रमवाचक शब्द पहिला, दुसरा, तिसरा, चौथा. पाचपासून ‘वा’ लागतो. ते लिंगाप्रमाणे बदलतात, आणि हा बदल सांभाळावा लागतो: दहावी झाली म्हणजे शाळा संपली, दहावा झाला म्हणजे घरात कोणी गेले. गिरगावात खेतवाडीच्या गल्ल्या क्रमानेच ओळखल्या जातात, आणि बारावी गल्ली म्हटले की गणपतीच आठवतो. लोकलमधील तिघांच्या बाकावर कडेला टेकणाऱ्याची ती ‘चौथी सीट’.

तृतीयांश, पंचमांश हे शब्द क्रमवाचकांनाच ‘अंश’ जोडून झाले, पण ते गणिताच्या पुस्तकात आणि विधानसभेच्या दोन तृतीयांश बहुमतात राहिले. खोलीचे भाडे वाटताना ‘तिघांत सारखे’ एवढेच म्हणतात.