भाडे कौन्सिलकडे, उत्पन्नाची नोंद खात्याकडे

ब्रिटनमध्ये गरीब भाडेकरूला भाड्यासाठी मिळणारा हाउसिंग बेनिफिट स्थानिक कौन्सिल, म्हणजे नगरपालिकेसारखी संस्था, देते. तो किती द्यायचा हे मात्र उत्पन्नावर ठरते, आणि त्या उत्पन्नाची बरीचशी माहिती केंद्र सरकारच्या दप्तरात असते. ही विभागणी जुनी आहे. १९७२ च्या हाउसिंग फायनान्स अ‍ॅक्टने भाडेसवलतीची देशव्यापी योजना आणून ती कौन्सिलांवर सोपवली. सप्लिमेंटरी बेनिफिटवर, म्हणजे तुटपुंज्या उत्पन्नाला सरकारने दिलेल्या जोडीवर, जगणाऱ्यांचे भाडे मात्र आरोग्य व सामाजिक सुरक्षा खाते, म्हणजे डीएचएसएस, आपल्या मदतीत धरून देत असे.

१९८२ च्या कायद्याने दोन्ही कामे कौन्सिलांकडे दिली. नोव्हेंबर १९८२ मध्ये कौन्सिलच्या घरांत राहणाऱ्यांपासून सुरुवात झाली आणि एप्रिल १९८३ मध्ये बाकीचे आले. सप्लिमेंटरी बेनिफिट घेणाऱ्यासाठी डीएचएसएसने कौन्सिलला एक प्रमाणपत्र पाठवायचे, मग कौन्सिलने भाडे द्यायचे, अशी रीत ठरली. सगळी भिस्त त्या एका कागदावर होती. तो वेळेवर पोचला नाही की भाडे थकायचे, आणि ज्याचा काहीच दोष नाही त्या भाडेकरूच्या नावावर थकबाकी चढायची. एप्रिल १९८८ मध्ये नियम बदलून गणित सोपे झाले, तरी दोन कार्यालयांमधले अंतर तसेच राहिले.

माहितीच्या देवाणघेवाणीला कायद्याचा भक्कम आधार मिळाला तो १९९७ मध्ये. त्या कायद्याच्या नावातच फसवणुकीचा उल्लेख होता. सामाजिक सुरक्षा प्रशासनाच्या १९९२ च्या कायद्यात नवी कलमे आली: खात्याने कौन्सिलला माहिती द्यावी, कौन्सिलने खात्याला द्यावी, कौन्सिलांनी एकमेकींना द्यावी. मला यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट क्रमाची वाटते. गरजूला तीच कागदपत्रे दोनदा दाखवावी लागू नयेत, हा विचार त्यामागे मुख्य नव्हता. आधी संशय आला; सोय बरीच मागाहून आली.

सरकारला ठाऊक असलेली गोष्ट नागरिकाने पुन्हा सांगायची का, हा प्रश्न २००५ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सपुढे, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयापुढे, आला. एका महिलेचा अपंगत्व भत्ता संपला होता. ही नोंद खात्याच्या एका कार्यालयात होती, पण तिला इन्कम सपोर्ट, म्हणजे अल्प उत्पन्नाला जोड, देणाऱ्या स्थानिक कार्यालयाला त्याचा पत्ता नव्हता, आणि त्या भत्त्यामुळे मिळणारे जादा पैसे जात राहिले. ते तिच्याकडून वसूल करता येतात, असा निकाल लागला; स्थानिक कार्यालयाला कळवणे तिचे काम होते. एकाच खात्यात ही स्थिती, तर कौन्सिल आणि खाते या दोन वेगळ्या संस्थांबद्दल काय बोलावे!

उलट बाजूची भीतीही खरी होती. ऑक्टोबर २००७ मध्ये महसूल खात्याच्या दोन सीडी टपालात गहाळ झाल्या. त्यांत मुलांसाठीच्या भत्त्याशी, म्हणजे चाइल्ड बेनिफिटशी, संबंधित सुमारे अडीच कोटी लोकांची माहिती होती.

तरीही २०११ पासून अ‍ॅटलास या व्यवस्थेमार्फत कामकाज व निवृत्तिवेतन खात्याकडील, म्हणजे डीडब्ल्यूपीकडील, बदल कौन्सिलांच्या संगणकात आपोआप येऊ लागले. २०१२ च्या वेल्फेअर रिफॉर्म अ‍ॅक्टने माहितीच्या वापराची कक्षा रुंदावली: वृद्ध-अपंगांची घरी होणारी देखभाल, अडचणीतल्या भाडेकरूला कौन्सिलने स्वतःच्या अधिकारात दिलेली जादा मदत. हक्काची मदत पोचवण्यासाठी माहिती हलावी, हे इथे कायद्यात स्पष्टपणे उतरले. तीस वर्षे लागली त्याला!

एप्रिल २०१३ मध्ये अ‍ॅश्टन-अंडर-लाइन या इंग्लंडमधल्या गावातून युनिव्हर्सल क्रेडिट, म्हणजे अनेक मदती एकत्र करणारी योजना, सुरू झाले आणि कमावत्या वयाच्या बहुतेकांच्या भाड्याची मदत हळूहळू थेट डीडब्ल्यूपीकडे जाऊ लागली. हाउसिंग बेनिफिटमध्ये मुख्यतः निवृत्तीच्या वयाचे आणि तात्पुरत्या किंवा आधारगृहांतल्या निवाऱ्यात राहणारे लोक उरले. पण कौन्सिल टॅक्समधली, म्हणजे घरावरच्या स्थानिक करातली, सवलत अजून कौन्सिलच देते, म्हणून युनिव्हर्सल क्रेडिटची माहिती तिच्याकडे येतच राहते. ते क्रेडिट दरमहा बदलते आणि प्रत्येक बदलाबरोबर कराचे नवे बिल निघू शकते. म्हणून इंग्लंडमधल्या अनेक कौन्सिलांनी आता उत्पन्नाचे टप्पे ठरवले आहेत: टप्पा ओलांडला नाही तर सवलत तीच राहते, आणि कुटुंबाच्या दारात नवे बिल येत नाही.