विक्रयवृद्धी (कोकण किनारा)

विक्रयवृद्धी : मालाची ओळख करून देऊन तो घ्यावासा वाटावा, यासाठी विक्रेत्याने केलेले प्रयत्न. जाहिरात, जनसंपर्क व वैयक्तिक विक्री ही तिची मुख्य अंगे. जाहिरातीची जागा पैसे मोजून घेतलेली असते आणि मजकूर विक्रेत्याचा असतो. बातमी, उत्सव, भेटीगाठी यांतून नाव लोकांपुढे येते तो जनसंपर्क. तेथे मजकुरावर विक्रेत्याचा ताबा नसतो, म्हणूनच वाचक त्यावर अधिक विश्वास ठेवतो.

कोकणात वैयक्तिक विक्री सर्वांत जुनी आणि आजही सर्वांत जोरकस आहे. कोळीण सुरमईचा कल्ला बोटाने उघडून आतला लालभडक रंग दाखवते, बांगड्यांचा वाटा लावते, भाव सांगते आणि गिऱ्हाइकाने पाऊल मागे घेतले की वाट्यावर आणखी एक बांगडा टाकते. शंकेला जागच्या जागी उत्तर मिळते. छापील जाहिरातीला हे जमत नाही. नेहमीचे गिऱ्हाईक उद्या पुन्हा दारात येणार असते, त्यामुळे शब्द जपावाच लागतो.

जनसंपर्काचे ठळक उदाहरण हापूसचे. हंगामाच्या तोंडावर मुहूर्ताची पेटी वाशीच्या बाजारात पोचली की तिची पूजा होते, वर्तमानपत्रांत फोटोसह बातमी येते आणि एका पेटीमुळे साऱ्या किनाऱ्याच्या आंब्याची चर्चा सुरू होते. महाराष्ट्र राज्य कृषी पणन मंडळाच्या आंबा महोत्सवांनी बागायतदाराला पुण्यासारख्या शहरात थेट ग्राहकासमोर उभे केले. आडतीवर विसंबून राहणाऱ्या छोट्या बागायतदाराला याचे मोल फार आहे.

जाहिरातींत महामार्गावरचे फलक, एसटीच्या पाठीवरचे रंगवलेले मजकूर आणि गणपतीत चाकरमान्यांच्या स्वागताचे बॅनर नेहमी दिसतात. ‘देवगड’ किंवा ‘रत्नागिरी’ हे नाव हीच येथली सर्वांत मोठी जाहिरात असल्याने त्याची चोरीही होते; परराज्यातला आंबा त्याच नावाने विकला जातो. हा बागायतदाराच्या कष्टांवरचा घाला आहे. यावर उपाय म्हणून पालघर, ठाणे, रायगड, रत्नागिरी व सिंधुदुर्ग या पाच जिल्ह्यांच्या हापूसला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन, म्हणजे ठरलेल्या प्रदेशातल्या मालालाच ते नाव लावण्याचा कायदेशीर हक्क, मिळाले. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 अन्वये पहिल्या वेळी दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

अलीकडे अनेक बागायतदार व्हॉट्सअ‍ॅपवर मागणी घेऊन पेटी थेट मुंबईच्या सोसायटीत पोचवतात. पेटी उघडून पेंढा बाजूला करायचा, एक फळ उचलून देठाशी हुंगायला द्यायचे, एखादे डागी निघाले तर बदलून द्यायचे, अशी ही विक्री चालते. पेटीच्या झाकणावर बागायतदाराचा मोबाइल नंबर असतो आणि पुढच्या हंगामाची मागणी बहुधा त्यावरच येते.