लंडनला जाताना वेळ कमी लागतो का?

पृथ्वी पूर्वेकडे फिरते, म्हणून मुंबईहून निघालेल्या विमानाकडे लंडन आपणहून सरकत येते आणि जाताना वेळ वाचतो, हा समज ठाणे-वाशीकडे वर्षानुवर्षे पक्का आहे. मुलांनाही भूगोल म्हणून तो सांगितला जातो, याचे वाईट वाटते. तिकीट पाहून तो खराही वाटतो. समजा, हिवाळ्यात दुपारी २ ला निघालेले विमान संध्याकाळी ६.३० ला पोहोचते. पण या वेळा त्या त्या ठिकाणच्या असल्याने त्यांत साडेपाच तासांचा फरक मिळवला, की प्रवास १० तासांचा भरतो. थेट हवाई अंतर दोन्ही दिशांनी सुमारे ७,२०० किलोमीटरच आहे. वातावरण पृथ्वीबरोबरच फिरत असल्यामुळे तिच्या फिरण्याचा असा फायदा मिळत नाही. उलट साधारण १० किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून वाहणारे वेगवान वारे, म्हणजे जेट प्रवाह, जाताना समोरून आणि येताना पाठीमागून लागतात, त्यामुळे परतीचाच प्रवास बहुधा लवकर संपतो.