पदवीच्या भौतिकशास्त्राच्या परीक्षेची तयारी : आमच्या शिकवणीतील विद्यार्थी व पालकांसाठी

राणी चन्नम्मा विद्यापीठाच्या बी. एस्सी. परीक्षेसाठी आमच्याकडे बेळगाव, खानापूर आणि निपाणी भागांतून जे विद्यार्थी येतात, त्यांतील अनेकांचे शिक्षण दहावीपर्यंत मराठी माध्यमातून झालेले असते. त्वरण, संवेग, जडत्व या शब्दांनी मनात पक्क्या बसलेल्या कल्पना कॉलेजात ॲक्सिलरेशन, मोमेंटम, इनर्शिया या नावांनी समोर आल्या की विषयच परका वाटू लागतो. म्हणून दोन्ही नावांची एक छोटी वही करावी, आणि कोणतीही सिद्धता आधी मराठीत तोंडी समजावून सांगून मगच इंग्रजीत लिहावी. जी पायरी स्वतःच्या भाषेत सांगता येत नाही, ती पाठ केलेली असली तरी पेपरात ऐन वेळी निसटते, असे आम्ही वारंवार पाहिले आहे.

नोट्स पुन्हा पुन्हा वाचण्यावर विद्यार्थ्यांचा सर्वांत जास्त वेळ खर्च होतो. २००६ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात एक उतारा चार वेळा वाचणाऱ्यांना आठवड्यानंतर त्यातील सुमारे ४० टक्के मजकूर आठवला, तर एकदा वाचून तीन वेळा आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे ६१ टक्के आठवला. मात्र पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत वाचणारेच पुढे होते. वाचून झाल्या झाल्या “सगळे येते” असे वाटते ते याचमुळे, आणि त्या वाटण्यावर विसंबू नये.

यासाठी वही मिटून कोऱ्या कागदावर सिद्धता लिहावी. उदाहरणार्थ, गाऊसच्या नियमाने अनंत लांबीच्या भारित तारेभोवतीचे विद्युत क्षेत्र काढताना जवळजवळ प्रत्येक जण दंडगोल काढतो आणि ‘लॅम्डा भागिले दोन पाय एप्सिलॉन-शून्य आर’ हे उत्तरही लिहितो. पण दोन्ही सपाट टोकांतून जाणारा फ्लक्स शून्य का, हे वाक्य सुटते. क्षेत्र तारेपासून सरळ बाहेरच्या दिशेने असल्यामुळे ते त्या टोकांना समांतर असते, हे कारण लिहिल्याशिवाय सिद्धता पुरी होत नाही. अशी अडलेली जागा लाल पेनाने खुणावावी, दोन दिवसांनी पुन्हा कोरा कागद घ्यावा, आणि पुढची उजळणी आठवड्याने करावी.

गणिते सोडवताना शेवटच्या ओळीत मिती तपासण्याची सवय लावून घ्यावी. जिथे सेकंद यायला हवेत तिथे सेकंदाचा वर्ग आला, तर चूक कुठे शोधायची ते लगेच समजते.

प्रॅक्टिकलकडे कृपया दुय्यम म्हणून पाहू नये. एक मीटर लांबीच्या साध्या लंबकाचा आवर्तकाल सुमारे २ सेकंद असतो. स्टॉपवॉच दाबताना ०.२ सेकंदाची चूक झाली, तर एकच आंदोलन मोजणाऱ्याच्या उत्तरात १० टक्के फरक पडतो. २० आंदोलने मोजून भागाकार केला की तीच चूक प्रत्येक आंदोलनामागे ०.०१ सेकंद एवढीच उरते. तोंडी परीक्षेत हा प्रश्न आला, तर “जर्नलमध्ये तसे दिले आहे” असे न म्हणता हे कारण सांगावे.

पालकांना विनंती आहे की, पेपरच्या आदल्या रात्री मुलांना जागरण करू देऊ नये. खानापूरहून बसने येणाऱ्यांनी प्रवासात पुस्तक न उघडता आदल्या दिवशीची एक सिद्धता मनातल्या मनात पायरीपायरीने मांडावी, आणि जिथे अडेल ती पायरी वर्गात आल्याबरोबर आम्हाला विचारावी.