फॉर्मची प्रत काढणे आणि फॉर्मचा वारसा घेणे

ग्राहकांची नोंद घेणारा एक फॉर्म तयार आहे. त्यावर नाव, पत्ता आणि फोन क्रमांक यांच्या टेक्स्टबॉक्स आहेत, खाली 'जतन करा' आणि 'रद्द करा' ही दोन बटणे आहेत आणि माहिती तपासणारा कोडही लिहून झालेला आहे. आता पुरवठादारांसाठी जवळपास तसाच दुसरा फॉर्म हवा आहे. विंडोज फॉर्म्सच्या, म्हणजे डॉटनेटमध्ये खिडक्यांचे प्रोग्राम बनवण्याच्या सोयीच्या, प्रोजेक्टमध्ये यासाठी दोन मार्ग आहेत. एक म्हणजे मूळ फॉर्मच्या फाइलींची प्रत काढून ती नव्या नावाने वापरणे, आणि दुसरा म्हणजे मूळ फॉर्मच्या क्लासपासून वारशाने, म्हणजे इनहेरिटन्सने, नवा क्लास बनवणे. पहिल्या दिवशी दोन्ही मार्गांनी पडद्यावर नेमके एकच चित्र उमटते, आणि म्हणूनच यांची गल्लत होते. त्यांच्यातला फरक मूळ फॉर्ममध्ये पहिला बदल करावा लागतो त्या दिवशी कळतो.

या दोहोंच्या आधी एक तिसरी गोष्ट बाजूला काढणे आवश्यक आहे. तोच फॉर्म एकाच वेळी दोन खिडक्यांमध्ये उघडायचा असेल, तर प्रतही लागत नाही आणि वारसाही लागत नाही. फॉर्म हा क्लास, म्हणजे ऑब्जेक्ट्स घडवण्याचा कोडमधला नमुना आहे, त्यामुळे 'न्यू' वापरून त्याचे दुसरे ऑब्जेक्ट तयार केले आणि त्यावर 'शो' ही मेथड चालवली की दुसरी खिडकी उघडते. व्हिज्युअल बेसिकमध्ये मात्र फॉर्मच्या नावावरच 'शो' चालवण्याची सोय आहे, आणि तसे केल्यास दर वेळी तेच एक आधीचे ऑब्जेक्ट समोर येते. त्यामुळे नवशिक्या प्रोग्रामरला वाटते की एका फॉर्मची एकच खिडकी उघडू शकते, आणि तो फाइलींची प्रत काढू लागतो. तिथे खरी गरज फक्त 'न्यू' या शब्दाची असते.

प्रत आणि वारसा यांतला भेद मला सर्वांत स्पष्टपणे डेल्फी या प्रोग्रामिंगच्या साधनामध्ये दिसला. तिथे साठवलेल्या फॉर्मवरून नवा फॉर्म घेताना तुम्हाला तो कॉपी करायचा आहे, इनहेरिट करायचा आहे की आहे तसाच वापरायचा आहे, असे तीन पर्याय थेट समोर ठेवले जात. विंडोज फॉर्म्सचे प्रोजेक्ट जिथे तयार करतात त्या व्हिज्युअल स्टुडिओमध्ये असा प्रश्न समोर येत नाही. सोल्यूशन एक्सप्लोररमध्ये, म्हणजे प्रोजेक्टच्या फाइलींच्या यादीत, कंट्रोल-सी आणि कंट्रोल-व्ही दाबले की प्रत तयार होते, आणि आपण एक निर्णय घेतला आहे याची जाणीवही होत नाही.

प्रतीची गुंतागुंत समजण्यासाठी फॉर्म कशाकशाचा बनतो ते पाहिले पाहिजे. व्हिज्युअल स्टुडिओ २००५ पासून एका फॉर्मच्या सहसा तीन फाइली असतात: आपण लिहिलेल्या कोडची मुख्य फाइल, डिझायनरने (फॉर्म माउसने मांडण्याच्या व्हिज्युअल स्टुडिओतल्या सोयीने) आपोआप लिहिलेल्या कोडची फाइल आणि चित्रे, आयकॉन वगैरे साठवणारी रेसएक्स फाइल. पहिल्या दोन फाइलींमध्ये एकच क्लास 'पार्शल' म्हणून विभागलेला असतो. मुख्य फाइलची प्रत काढली की उरलेल्या दोन फाइलीही तिच्याबरोबर येतात आणि प्रतीच्या फाइलींची नावेही बदलतात, पण त्यांच्या आतले क्लासचे नाव बदलत नाही. मूळ क्लासचे नाव 'कस्टमरफॉर्म' असेल, तर आता प्रोजेक्टमध्ये 'कस्टमरफॉर्म'चे दोनऐवजी चार तुकडे होतात. 'पार्शल' या शब्दामुळे कंपायलर त्यांना दोन वेगळे क्लास न मानता एकाच क्लासचे चार भाग मानून एकत्र जोडायला जातो. परिणामी प्रत्येक बटण आणि टेक्स्टबॉक्स दोनदा घोषित झाल्याची तक्रार (सी शार्प भाषेत चूक क्रमांक सीएस०१०२) येते आणि 'इनिशियलाइझ-कंपोनंट' ही मेथड दोनदा असल्याची तक्रार (सीएस०१११) येते. केवळ एक प्रत काढल्यावर चुकांची एवढी लांबलचक यादी पाहून प्रोजेक्टच बिघडला असे वाटते, पण तसे काही झालेले नसते. मूळ कारण एकच असते, ते म्हणजे नाव.

हे नाव बदलण्याची सगळ्यांना सुचणारी पद्धत इथे घातक ठरते. नावावर कर्सर ठेवून रिनेमची सोय वापरली, तर व्हिज्युअल स्टुडिओच्या दृष्टीने तो एकच क्लास असल्यामुळे चारही तुकड्यांतले नाव बदलते, आणि प्रोजेक्टमध्ये इतरत्र जिथे जिथे मूळ फॉर्म उघडला आहे तिथेही नवे नाव जाऊन बसते. म्हणून माझा आग्रह असा आहे की हे काम साध्या शोध-बदलाने, आणि शोधाची व्याप्ती फक्त उघड्या फाइलपुरती ठेवून करावे. प्रतीच्या मुख्य फाइलमधले क्लासचे नाव, सी शार्प असल्यास कन्स्ट्रक्टरचे (ऑब्जेक्ट तयार होताना आपोआप चालणाऱ्या मेथडचे) नाव, डिझायनर फाइलमधले क्लासचे नाव आणि तिथेच 'नेम' या प्रॉपर्टीत लिहिलेले नाव, अशा सर्व जागा बदलाव्या लागतात. व्हिज्युअल बेसिकमध्ये कन्स्ट्रक्टरला क्लासचे नाव नसते, पण डिझायनर फाइल अनेकदा दडवलेली असते, त्यामुळे आधी 'शो ऑल फाइल्स' हा पर्याय निवडावा लागतो.

यात हमखास निसटणारी एक जागा आहे. फॉर्मवर चित्र किंवा आयकॉन असेल, तर डिझायनर फाइलमध्ये 'कंपोनंट-रिसोर्स-मॅनेजर'चे ऑब्जेक्ट तयार केलेले असते आणि त्याला 'टाइपऑफ' वापरून क्लासचे नाव दिलेले असते. ते जुनेच राहिले तरी कंपायलर काहीही बोलत नाही, कारण त्या नावाचा क्लास खरोखरच अस्तित्वात असतो. मात्र नवा फॉर्म आपल्या रेसएक्सऐवजी जुन्या फॉर्मच्या रेसएक्समधून चित्रे घेत राहतो. काही महिन्यांनी कोणी जुन्या फॉर्मचा आयकॉन बदलतो आणि नव्या फॉर्मचाही आयकॉन आपोआप बदललेला दिसतो. अशा वेळी कारण शोधायला फार वेळ जातो, कारण त्या दोन फॉर्मचा काही संबंध असेल असा संशयच कोणाला येत नाही.

काही जण फाइलींना हात न लावता नवा रिकामा फॉर्म घेतात आणि जुन्या फॉर्मवरची सर्व कंट्रोल्स, म्हणजे बटणे, टेक्स्टबॉक्स वगैरे, निवडून त्यावर चिकटवतात. यात नावाचा गोंधळ टळतो, पण कंट्रोल्स केवळ आपल्या प्रॉपर्टीज घेऊन येतात आणि त्यांच्या इव्हेंटचा, म्हणजे क्लिकसारखी घटना घडल्यावर चालणारा, कोड मागेच राहतो. फॉर्म दिसतो अगदी सारखा, पण 'जतन करा' दाबल्यावर काहीच घडत नाही. मांडणीच तेवढी हवी असेल, तर मात्र ही पद्धत चांगली आहे.

वारशाची घडण याहून मुळातच निराळी आहे. 'सप्लायरफॉर्म' हा क्लास 'फॉर्म'ऐवजी 'कस्टमरफॉर्म'पासून निघतो, एवढाच बदल कोडच्या एका ओळीत होतो. नव्या फॉर्मच्या डिझायनर फाइलमध्ये जुन्या कंट्रोल्सचे वर्णन पुन्हा लिहिलेले नसते, तिथे फक्त फरक नोंदवलेले असतात. खिडकी तयार होताना आधी मूळ फॉर्मचा कन्स्ट्रक्टर चालतो आणि सर्व कंट्रोल्स मांडतो, आणि मग नवा फॉर्म त्यावर आपली भर घालतो. डिझायनरमध्ये वारशाने आलेल्या कंट्रोलच्या कोपऱ्यात लहानसे चिन्ह दिसते. मूळ फॉर्ममध्ये आज एक टेक्स्टबॉक्स वाढवली आणि प्रोजेक्ट बिल्ड केला, की ती नव्या फॉर्मवरही येते. प्रतीत हे कधीही घडत नाही.

मात्र हा वारसा एकेका प्रॉपर्टीपुरता तुटू शकतो, आणि ही बाब फारशी सांगितली जात नाही. नव्या फॉर्मच्या डिझायनरमध्ये वारशाने आलेले बटण चुकून थोडेसे सरकले, तर त्याची नवी जागा फरक म्हणून तिथे नोंदली जाते. पुढे मूळ फॉर्ममध्ये ते बटण कुठेही हलवले तरी नव्या फॉर्मवर ते जागचे हलत नाही, कारण शेवटचा शब्द नव्या फॉर्मचा असतो. प्रॉपर्टीजच्या खिडकीत त्या प्रॉपर्टीवर 'रीसेट' निवडले की मूळ किंमत परत येते.

कंट्रोल्सच्या दृश्यमानतेचाही विचार करावा लागतो. सी शार्पमध्ये डिझायनर कंट्रोल्सना 'प्रायव्हेट', म्हणजे फक्त मूळ क्लासच्या कोडला वापरता येतील असे, ठेवतो, त्यामुळे नव्या फॉर्ममध्ये ती दिसतात पण बदलता येत नाहीत. ज्यांत बदल अपेक्षित आहे त्यांचे 'मॉडिफायर्स' मूळ फॉर्ममध्ये 'प्रोटेक्टेड', म्हणजे वारसा घेणाऱ्या क्लासलाही खुले, करावे लागतात. डेटा-ग्रिड-व्ह्यू आणि टेबल-लेआउट-पॅनल ही कंट्रोल्स तर तसे करूनही वारशाच्या फॉर्ममध्ये डिझायनरपुरती कुलूपबंदच राहतात. ज्या फॉर्मचा मुख्य भाग ग्रिडच आहे आणि त्याचे रकाने प्रत्येक ठिकाणी वेगळे आहेत, त्याचा वारसा घेण्यात म्हणूनच फारसा अर्थ नाही.

इव्हेंटच्या बाबतीत अनेकांची चुकीची समजूत असते. नव्या फॉर्ममध्ये 'जतन करा' बटणाच्या क्लिकवर नवा कोड लिहिला म्हणजे जुना कोड बाजूला होतो, असे वाटते. प्रत्यक्षात दोन्ही चालतात, आधी मूळ फॉर्मचा आणि नंतर नव्याचा, आणि पुरवठादाराची नोंद ग्राहकांच्या टेबलातही जाऊन बसते. प्रतीत हा धोका नसतो, कारण तिथे एकच कोड असतो. वारसा घ्यायचा असेल तर मूळ फॉर्ममध्ये जतन करण्याचे काम वेगळ्या 'व्हर्च्युअल' (वारसा घेणाऱ्या क्लासला बदलता येणाऱ्या) मेथडमध्ये ठेवावे, क्लिकच्या कोडने फक्त तिला हाक मारावी, आणि नव्या फॉर्मने ती मेथड 'ओव्हरराइड' करावी, म्हणजे तिच्या जागी आपली लिहावी.

आणखी एक अडचण डिझायनरची आहे. वारशाचा फॉर्म डिझायनरमध्ये उघडताना मूळ फॉर्मचे ऑब्जेक्ट खरोखर तयार केले जाते आणि त्याचा कन्स्ट्रक्टर व फॉर्म उघडताना घडणारा 'लोड' इव्हेंट दोन्ही चालतात. 'लोड'मध्ये डेटाबेसशी जोडणी होत असेल, तर ती डिझायनरमध्येही होऊ पाहते आणि फॉर्मऐवजी चूक झाल्याचा संदेश दिसतो. 'लोड'च्या आरंभी 'डिझाइनमोड' तपासल्यास हे टळते, पण कन्स्ट्रक्टरमध्ये ही प्रॉपर्टी उपयोगी पडत नाही. मूळ क्लास 'अ‍ॅबस्ट्रॅक्ट' ठेवला, तर त्याचे ऑब्जेक्टच बनू शकत नसल्यामुळे डिझायनर उघडण्यासच नकार देतो.

मग निवड कशी करावी? माझ्या मते, दोन फॉर्म आज किती सारखे दिसतात यावर ती करू नये. मूळ फॉर्ममधली चूक दुरुस्त केली, तर ती दुसऱ्यातही दुरुस्त व्हायला हवी का, याचे उत्तर आधी द्यावे. ग्राहक आणि पुरवठादार यांचे पत्ते आणि फोन क्रमांक एकाच नियमाने तपासायचे असतील, तर तपासणीचा कोड दोन ठिकाणी असणे धोक्याचे आहे, कारण एका ठिकाणची दुरुस्ती दुसरीकडे करायची राहून जाते. याउलट, एखाद्या अहवालाच्या फॉर्मवरून नव्या अहवालाचा आरंभ करायचा असेल आणि पुढे दोन्ही आपापल्या दिशेने जाणार असतील, तर वारसा निष्कारण जखडून ठेवतो. तिथे मी निःशंकपणे प्रत काढतो.

प्रत काढून काही काळ लोटला आणि नंतर वारसा हवा होता असे लक्षात आले, तर 'सप्लायरफॉर्म' थेट 'कस्टमरफॉर्म'पासून काढू नये, कारण पुरवठादार हा ग्राहकाचा प्रकार नाही. दोन्हींतला समान भाग 'पार्टीफॉर्म' अशा तिसऱ्या फॉर्ममध्ये हलवावा, तो बिल्ड करावा आणि मग दोन्ही फॉर्म त्याच्यापासून काढावेत. हे करताना दोन्ही जुन्या डिझायनर फाइलींमधून समान कंट्रोल्सच्या घोषणा आणि मांडणीच्या ओळी काढून टाकाव्या लागतात, नाहीतर मूळ टेक्स्टबॉक्सच्या नेमकी मागे त्याच नावाची दुसरी टेक्स्टबॉक्स बसते आणि वापरणाऱ्याने टाइप केलेला मजकूर नव्या फॉर्मच्या कोडपर्यंत पोहोचतच नाही.