मेगरचा आकडा आणि मुंबईचा जुलै

भर पावसाळ्यात पंधरा दिवस बंद पडून राहिलेल्या 6.6 केव्हीच्या (किलोव्होल्ट) पंपमोटरला मुंबईत मेगर, म्हणजे इन्सुलेशनचा रोध मोजणारं यंत्र, लावला, तर आकडा बहुधा खाली आलेला असतो. लगेच ‘वाइंडिंग (मोटरमधली तारांची गुंडाळी) गेलं’ म्हणून मोकळं होऊ नये. दमट, खारट हवा वाइंडिंगच्या टोकांवरच्या धुळीत मुरते आणि करंट पृष्ठभागावरून गळतो. आतलं मायका-इपॉक्सीचं इन्सुलेशन तेव्हा ठणठणीतही असू शकतं.

आधी सप्लाय तोडून कुलूप, मग केबल आणि सर्ज अरेस्टर (अचानक वाढलेल्या व्होल्टेजपासून वाचवणारं उपकरण) मोटरपासून सोडवायचे. नाहीतर मोटरऐवजी केबलच मोजली जाते. स्टार पॉइंट (तिन्ही फेजची टोकं जिथे एकत्र जोडतात तो सांधा) उघडत असेल तर एकेक फेज तपासावा, उरलेले दोन अर्थिंगला जोडून. या मोटरच्या चाचणीला डीसी 2500 ते 5000 व्होल्ट चालतात.

एक मिनिटाला मिळालेल्या एकट्या आकड्यावर फार विसंबू नये. दाब (व्होल्टेज) तसाच ठेवून दहाव्या मिनिटाला पुन्हा वाचावं. निरोगी इन्सुलेशन सुरुवातीला बराच करंट शोषून घेतं, मग तो ओसरतो आणि मेगओहम (रोधाचं एकक, दहा लाख ओहम) चढत जातात. ओलं असेल तर गळती कायम राहते, काटा जागचा हलत नाही. समजा 120 वरून 150 झाले: दहाव्या आणि पहिल्या मिनिटाचं गुणोत्तर 1.25, म्हणजे ओल किंवा घाण. आजच्या इन्सुलेशनला किमान 2 हवं, आणि एक मिनिटाचा आकडा 40 अंशांवर आणून निदान 100 मेगओहम. हा तापमानाचा हिशेब विसरणारे पुष्कळ! दर 10 अंशांच्या वाढीला रोध साधारण निम्मा होतो.

ओल निघाली तर धूळ पुसून स्पेस हीटर (मोटर आतून उबदार ठेवणारे छोटे हीटर) लावावेत. घाई नको, अडकलेल्या पाण्याची वाफ झाली तर इन्सुलेशन फुगतं. वाळवताना आकडा आधी आणखी घसरतो, तो तापमानामुळे. मग चढू लागतो आणि स्थिरावतो, तेव्हा थांबावं. खरं तर मोटर बंद असताना हीटर चालू ठेवले असते, तर हा खटाटोप टळला असता.

चाचणीनंतर वाइंडिंगमध्ये चार्ज उरतोच. दहा मिनिटं दाब दिला असेल, तर निदान चाळीस मिनिटं अर्थ लावून ठेवावं. लवकर काढला तर शोषलेला चार्ज परत वर येतो.

मात्र आतली कोरडी पोकळी मेगरला दिसत नाही. जुन्या, सुटत चाललेल्या इन्सुलेशनचा आकडा उत्तम येऊ शकतो. तिथे एसी दाबावरची टॅन डेल्टा (इन्सुलेशनमध्ये वाया जाणारी ऊर्जा मोजणारी) आणि पार्शल डिस्चार्ज (पोकळीतल्या बारीक ठिणग्या पकडणारी) चाचणीच लागते.